ब्राझील आणायचं तर त्याच्या बिलासकट आणा

सीमाभागातल्या साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना एका सभासदाचं खुलं पत्र

सन्माननीय चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सर्व संचालक मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या वार्षिक सभेला मी मंडपात उजव्या हाताला, खांबाला टेकून बसलो होतो. अहवाल कन्नडमध्ये छापलेला. माझं कन्नड बाजारापुरतं आणि भांडणापुरतं. बोलतो, वाचता येत नाही. पुतण्या शेजारी बसून कानात आकडे सांगत होता. तेवढ्यात पडदा उजळला आणि ब्राझील आलं. नजर पोचेल तिथवर ऊस, यंत्रानं चाललेली तोड, पंपावर दोन नळ्या, एक पेट्रोलची आणि एक इथेनॉलची. माईकवरून आवाज आला, "आता साखरेचा नाद सोडा. पुढचे दिवस इथेनॉलचे. ब्राझील कुठं गेलं बगा!" लगेच डिस्टिलरीच्या, म्हणजे इथेनॉल काढायच्या विभागाच्या, विस्ताराचा ठराव वाचला गेला. समोरच्या दोन रांगांनी "मंजूर, मंजूर" केलं आणि आम्ही जेवणाच्या रांगेला लागलो.

त्या तासाभरात ब्राझीलचं नाव मी अकरा वेळा ऐकलं. ऊसबिलाचं नाव दोनदाच निघालं, तेही मागून कोणीतरी ओरडला म्हणून: "बिल यावाग कोडतीरी?" म्हणजे, बिल कधी देणार?

कुठला कारखाना ते लिहीत नाही, कारण असा पडदा सीमाभागात बहुतेक सगळ्या मंडपांत लागतो. मी वेदगंगेच्या काठचा माणूस. तीन एकर ऊस, एकरभर सोयाबीन, दोन म्हशी. शाळा बारावीपर्यंत, पण वाचायची खोड आहे. त्या दिवसापासून ब्राझीलबद्दल आणि जगातल्या या जैवइंधनाच्या धंद्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तुम्ही दाखवलेलं चित्र खोटं नाही. पण गोष्ट अर्ध्यात थांबवलीत, आणि जिथं थांबवलीत तिथूनच पुढं शेतकऱ्याचा भाग सुरू होतो.

ब्राझीलनं हे सुरू केलं नोव्हेंबर १९७५ मध्ये. दोन वर्षांपूर्वी तेलाचे भाव भडकले होते, जगात साखरेचा भाव पडला होता, उसाचं करायचं काय हा तिथल्या सरकारपुढं प्रश्न होता. म्हणून प्रोअल्कोल नावाची योजना आली. १९७९ मध्ये नुसत्या अल्कोहोलवर, म्हणजे इथेनॉलवरच, चालणारी फियाट रस्त्यावर आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथं विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींतल्या नऊ अल्कोहोलच्या होत्या. तुमच्या पडद्यावरचं ब्राझील एवढंच. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली आणि कारखाने साखरेकडं वळले. १९८९ च्या सुमाराला पंपांवर अल्कोहोल मिळेना, लोक रांगेत उभे राहिले. त्या रांगेत उभा राहिलेला माणूस पुन्हा तसली गाडी घेईना. धंदा उठायला २००३ साल उजाडलं, जेव्हा पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर, कुठल्याही प्रमाणात चालणारी गाडी आली. तेव्हापासून तिथला गाडीवाला पंपावर उभा राहून भाव बघतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरतो, वर गेला तर पेट्रोल. कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ताकद असते.

आपल्याकडं पंपावर नळी एकच. पेट्रोल म्हणून जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि दर पुरा पेट्रोलचा. २०१४ मध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२२ च्या जूनमध्ये दहावर गेलं, २०२५ मध्ये वीस. आधी वीस टक्क्यांचं वर्ष २०३० ठरलं होतं, ते पाच वर्षं अलीकडं आणलं. काम मोठं झालं, यात शंका नाही. पण नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलंय की जुन्या ठेवणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकीचं तीन-चार टक्के घटेल. माझी मोटरसायकल २०१२ ची. गावातल्या मेकॅनिकनं कार्ब्युरेटर उघडून त्यातलं फुगलेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, तुमचाच ऊस हाय हा." बारा वर्षं जुनं रबर असंही गेलं असतं, मी कुणाच्या नावानं खडे फोडत नाही. पण एक खरं, आमचा माल गिऱ्हाइकानं हौसेनं घेतलेला नाही. सरकारी हुकमानं तो त्याच्या टाकीत गेलाय, आणि असं गिऱ्हाईक किती दिवस धरून चालायचं, याचा विचार तुम्ही केलाच असेल.

जगभर असंच आहे. मोटारी, ट्रक, जहाजं, विमानं मिळून जी ऊर्जा जाळतात त्यात द्रव जैवइंधनाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. त्यातलं इथेनॉल पाहिलं तर अमेरिका आणि ब्राझील हे दोघेच जगाच्या पाचातले चार हिस्से करतात. अमेरिकेचं जवळजवळ सगळं मक्यावर, आणि तेही २००५ आणि २००७ च्या कायद्यांमुळं. त्या कायद्यानं मक्याच्या इथेनॉलला वर्षाला १५ अब्ज गॅलनची जागा आखून दिली आणि तिथला धंदा बरीच वर्षं त्याच रेघेभोवती घुटमळतोय. युरोपनं उलट बाजूनं रेघ मारली. अन्नाच्या पिकांपासूनचं इंधन वाहतुकीच्या ऊर्जेत सात टक्क्यांच्या वर मोजायचं नाही, आणि पाम तेलाचं तर २०३० पर्यंत हिशेबातूनच काढायचं. इंडोनेशियानं २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के पाम तेलाचं जैवडिझेल घालायचा हुकूम काढला, आणि पन्नासची भाषा चालू आहे.

हे लांबचं वाटेल. पण २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आमच्या घरात भजी बंद झाली होती. तीनेक आठवड्यांत बंदी उठली, तरी पिशवीचा भाव उतरायला वेळ लागला. देशात खपणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, त्यात पाम सगळ्यात जास्त. तिथल्या ट्रकच्या टाकीत गेलेलं तेल आपल्या कढईतलंच असतं. आणखी एक गंमत सांगतो. युरोपात वापरून जळकं झालेलं तेल कधीकधी ताज्या पाम तेलापेक्षा महाग विकलं गेलं, कारण कायद्यानं जळक्या तेलाच्या इंधनाला दुप्पट मोजायची सवलत दिली होती. निपाणी स्टँडच्या बाहेर वडे तळणाऱ्याला हे सांगितलं तर तो आधी तेल काळं करून मग वडे तळायचं विसरून जाईल.

पुढं काय होणार, तर दोन आंतरराष्ट्रीय संस्था, ओईसीडी आणि एफएओ, दरवर्षी शेतीचा दहा वर्षांचा अंदाज काढतात. त्यांचं म्हणणं, जैवइंधनाची वाढ मागच्या दशकापेक्षा मंद होईल, आणि जी होईल ती भारत, ब्राझील, इंडोनेशिया यांच्याकडं. श्रीमंत देशांत गाड्या विजेवर चालल्यात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या. चीनमध्ये नव्या गाड्यांची निम्मी विक्री विजेच्या किंवा प्लगवाल्या हायब्रिडची झाली. बॅटरीवर अजून न चालणारं एक मोठं गिऱ्हाईक उरतं, ते म्हणजे विमान. युरोपनं २०२५ पासून विमानतळावरच्या इंधनात दोन टक्के शाश्वत इंधन, म्हणजे खनिज तेलाऐवजी वापरलेलं तेल, कचरा अशांपासून केलेलं, सक्तीचं केलंय, २०३० ला सहा, २०५० ला सत्तर. आपल्या सरकारनंही परदेशी उड्डाणांसाठी २०२७ ला एक टक्का आणि २०३० ला पाच टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय. इथेनॉलपासून विमानाचं इंधन करता येतं, पण महाग पडतं. २०२४ मध्ये जगात जाळलेल्या विमान इंधनात सगळ्या प्रकारचं शाश्वत इंधन मिळून होतं ०.३ टक्के. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून आमचा ऊस उडणार, असं मागच्या सभेत एका संचालकांनी सांगितलं, तेव्हा मी टाळी वाजवली नाही ती यासाठी.

तेव्हा वाढ भारतातच आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. फक्त ती उसाची आहे का, हे बघा.

२०२५-२६ च्या वर्षासाठी तेल कंपन्यांना सुमारे १०५० कोटी लिटर इथेनॉल पाहिजे होतं. कारखानदारांनी आणि धान्यवाल्यांनी मिळून १७७६ कोटी लिटर द्यायची तयारी दाखवली. म्हणजे बाजाराला लागतो त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट माल दारात उभा. वाटप झालं ते असं: साखरेच्या बाजूला २८९ कोटी लिटर, शंभरातले अठ्ठावीस. बाकीचे बहात्तर धान्याला, त्यात एकट्या मक्याला पंचेचाळीस. कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की कर्नाटकाची इथेनॉल करायची ताकद २७० कोटी लिटरची आणि साखरेच्या बाजूनं वाटणीला आले ४७ कोटी. सभेत आम्हाला ताकद सांगितली. वाटणी सांगितली नाही.

ज्या ब्राझीलकडं बोट दाखवता तिथंही हेच चाललंय. मातो ग्रोसो भागात २०१७ पासून मक्याच्या इथेनॉलचे मोठे कारखाने उभे राहिले आणि आज ब्राझीलच्या इथेनॉलमधला पाचवा हिस्सा ओलांडून मका पुढं गेलाय. कारण सोपं आहे. मका कोठारात भरून ठेवता येतो, बारा महिने गाळता येतो. ऊस तोडला की दोन दिवसांत त्याची साखर उतरायला लागते, आणि तो आपल्या यार्डात ट्रॉलीवर दोन रात्री काढतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मक्यावर जरा थांबतो, कारण माझ्या एकरभर सोयाबीनचा त्यात जीव गेलाय. मक्याचं इथेनॉल काढलं की जवळजवळ तिसरा हिस्सा चोथा उरतो. त्याला डीडीजीएस म्हणतात, प्रथिनं भरपूर, कोंबडीच्या खाद्यात चालतो. जिथं आधी सोयाबीनची पेंड जायची तिथं आता हा स्वस्त चोथा जातो. पेंडीला गिऱ्हाईक कमी, मग तेल गिरणी सोयाबीनला भाव देत नाही. २०२४ मध्ये हमीभाव ४८९२ होता, मी निपाणीच्या अडतीत त्याच्या बऱ्याच खाली विकलं. मक्यावाल्याचं तरी भलं झालं म्हणावं, तर २०२४ मध्ये इथेनॉलमुळं मका महाग झाला म्हणून म्यानमार आणि युक्रेनहून आणावा लागला, आणि पुढच्याच वर्षी, २०२५ च्या नोव्हेंबरात, हावेरी-गदगकडचा शेतकरी २४०० च्या हमीभावाचा मका घेऊन त्यापेक्षा कितीतरी कमी दरात विकत रस्त्यावर बसला. एका बाजूला ऊसवाला, दुसऱ्या बाजूला मक्यावाला, दोघंही बसलेले एकाच टाकीसाठी.

तुमची अडचण मला कळत नाही असं नका समजू. एक टन ऊस सरळ रसावर घेतला तर सुमारे ७० लिटर इथेनॉल होतं. रसाच्या इथेनॉलचा दर ६५ रुपये ६१ पैसे. म्हणजे टनाला ४५९० च्या आसपास. हा दर २०२२-२३ पासून तसाच आहे, आणि बी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर पुरती न काढता मध्येच घेतलेल्या मळीच्या, इथेनॉलचा ६० रुपये ७३ पैसेही तसाच. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, २०२५-२६ पर्यंत क्विंटलला ३०५ वरून ३५५ वर गेली. मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१ रुपये ८६ पैसे. ऊस टनाला ३३०० नं घेऊन, वर तोडणी-वाहतूक आठ-नऊशे घालून, मजूर, वाफ, व्याज भागवून तुमच्या हातात काय राहतं, हा हिशेब मीही करून पाहिलाय. फार राहत नाही. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये केली, त्यानंतर एफआरपी किती वेळा वाढली ते सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीत तुम्ही दर वाढवून मागता ते रास्तच आहे, आणि त्या मागणीच्या कागदावर आम्हीही सही करू.

पण मग सभेत हे का सांगत नाही? एवढी बारीक कमाई असताना आणखी कर्ज काढून आणखी मोठी डिस्टिलरी कशासाठी? २०१८ पासून केंद्रानं डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजात सवलत दिली, त्या सवलतीनं सगळीकडं मनोरे उभे राहिले. सवलत व्याजाला होती, मुद्दल सभासदांच्याच डोक्यावर.

आणि हा धंदा हुकमावर चालतो, हे विसरू नका. ७ डिसेंबर २०२३ ची सकाळ तुमच्याकडं कशी उजाडली असेल याची मला कल्पना आहे. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, कर्नाटकात दुष्काळ होता, साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं रसाचं इथेनॉल एका आदेशात बंद केलं. हंगाम चालू, टाक्या तयार. आठवड्यानं थोडी ढील मिळाली, १७ लाख टन साखरेपुरती. पूर्ण बंधन उठलं ते २०२४ च्या ऑगस्टअखेर, हंगाम संपून गेल्यावर. त्या वर्षी आमची बिलं का रखडली, असं विचारायला आम्ही आलो तेव्हा ऑफिसात सांगितलं, "वरून आदेश आलाय." मान्य. पण मग जे वरून येतं-जातं, त्यावर पुढची पंधरा वर्षं टांगायची का?

हुकमाचा असा अनुभव आमच्या घराला नवीन नाही. २००६-०७ च्या सुमाराला एका संस्थेची माणसं गावात आली होती, मोगली एरंडाची रोपं घेऊन. देशात तेव्हा जैवडिझेलचा नारा होता, वीस टक्के मिसळायचं ठरलं होतं. बांधाला लावा, पाणी लागत नाही, शेळी खात नाही, तीन वर्षांत बिया विकत घेऊ. थोरल्या आण्णांनी बांधावर दोनशे रोपं लावली. शेळी खात नाही, एवढं एकच खरं निघालं. चौथ्या वर्षी आक्कानं एक पाटीभर बिया गोळा करून ठेवल्या, दोन वर्षं त्या माळ्यावर होत्या, घ्यायला कोणी फिरकलं नाही. शेवटी मुळासकट उपटून तिथं शेवगा लावला. देशभर असंच झालं. पानपाचोळ्यातून इथेनॉल काढायचंही तसंच. अमेरिकेत आयोवामध्ये ड्यूपाँटसारख्या कंपनीनं मक्याच्या ताटांपासून इथेनॉलचा मोठा कारखाना २०१५ मध्ये सुरू केला आणि २०१७ मध्ये बंद केला. आपल्याकडं पानिपतला भाताच्या काडावरचा कारखाना २०२२ मध्ये आलाय. तो चालो, मनापासून वाटतं. पण पाचटाचे पैसे मिळणार असं कोणी पडद्यावर दाखवलं, तर मला आक्काची पाटी आठवते.

आता मूळ मुद्दा. ब्राझीलच्या गोष्टीतला तुम्ही गाळलेला भाग.

तिथल्या साओ पाउलो राज्यात, जिथं सगळ्यात जास्त ऊस होतो, १९९० च्या दशकाअखेर सरकारनं उसाचा दर ठरवणं सोडलं. मग कारखानदारांची संघटना आणि शेतकऱ्यांची संघटना एकत्र बसली, दोन्हीकडून सारखीच माणसं घेतली आणि एक मंडळ केलं. त्याचं नाव कॉन्सेकाना. तिथं उसाचं वजन नुसतं धरत नाहीत. उसातली एकूण काढता येण्याजोगी साखर किलोत मोजतात. त्या किलोचा दर ठरवताना साखरेचा बाजारभाव आणि इथेनॉलचा बाजारभाव, देशातला आणि निर्यातीचा, सगळे भाव जेवढा माल त्या त्या वाटेनं गेला त्या प्रमाणात धरतात, आणि आलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा शेतकऱ्याचा. तो हिस्सा साधारण साठ टक्के. इथेनॉल महागलं तर शेतकऱ्याला कळतं आणि मिळतं. पडलं तर तोही सोसतो. तिथंही भांडणं होतात, सूत्र जुनं झालं म्हणून शेतकरी ओरडतात, बराच ऊस तर कारखाने स्वतःच पिकवतात, हे सगळं मी वाचलंय. पण हिशेबाची वही दोघांच्या मध्ये उघडी असते.

आपल्याकडं काय आहे? साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सांगितलं की साखर, मळी, चिपाड, प्रेसमड (रस गाळताना उरलेला गाळ) यांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा उसाचा, किंवा नुसत्या साखरेतला पंचाहत्तर. कर्नाटकानं २०१३ मध्ये ऊस खरेदी-पुरवठ्याचा कायदा केला. टक्का ब्राझीलपेक्षा मोठा दिसतो, हे मीच सांगतो, तुम्ही सांगायच्या आधी. पण त्यात मळी ही मळी म्हणून धरली जाते. मळी पाइपातून भिंतीपलीकडच्या डिस्टिलरीत गेली की आमचा तिच्यावरचा हक्क भिंतीअलीकडं संपतो. बी-हेवी केली की साखरेचा उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचा टक्का, कागदावर दीड टक्क्याच्या आसपास खाली येतो. ती गेलेली साखर उताऱ्यात परत धरायची असते. किती धरली, हे आम्हाला कधी दिसत नाही. उतारा एका दशांशानं इकडंतिकडं झाला तर तीन एकरवाल्याच्या घरात काय फरक पडतो, ते तुमच्या शेतकी अधिकाऱ्याला विचारा. दर वेळी आम्ही भांडतो काट्यावरून. उताऱ्याचा काटा तर आम्ही बघितलेलाच नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसला ऊसदराचं जे आंदोलन झालं ते तुम्ही पाहिलं. मागणी टनाला ३५०० ची होती. मीही दोन दिवस जाऊन बसलो. तिथं कन्नड-मराठी कुणी कुणाला विचारलं नाही. रात्री भाकरी-झुणका वाटणारा गोकाकचा होता, वाढून घेणारे निपाणीचे. शेवटी उताऱ्याच्या अटीसकट ३३०० वर तोडगा निघाला, त्यातले ५० रुपये सरकारनं घातले. आंदोलन मिटलं, पण बघा, सगळं भांडण झालं ते एका गोल आकड्यावर. इथेनॉलमधून किती आलं, हा प्रश्न त्या मांडवात मी विचारला तेव्हा शेजारचा म्हणाला, "ते कुणाला ठावं?" खरंच कुणालाच ठाऊक नव्हतं. हिशेब बंद असला की आकड्यावर भांडावंच लागतं, आणि दर हंगामाला भांडावं लागतं.

आमच्यासारख्यांना आणखी एक वाट आहे, ती तुम्हाला आवडत नाही. नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. तिकडचा दर बरा वाटला की ट्रॉली तिकडं वळते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी घातली होती, ती शेतकऱ्यांनी ओरडल्यावर मागं घ्यावी लागली. सीमेचा वाद साठ-सत्तर वर्षं कोर्टात आणि रस्त्यावर चाललाय, त्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. उसाला मात्र सीमा कळत नाही, त्याला फक्त पावती कळते. ज्या बाजूचा हिशेब उघडा, त्या बाजूला तो जाईल.

पाण्याचं थोडक्यात. साखरेच्या बाजूनं केलेल्या एका लिटर इथेनॉलमागं २८६० लिटर पाणी जातं, हा आकडा नीती आयोगाचाच. ते पाणी वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, कृष्णेचं आहे. मार्चनंतर आमच्या मोटारी चार-चार दिवस बंद असतात. आणि मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, बाहेर पडतो. तो जाळायची, आटवायची यंत्रणा अहवालात आहे, फोटोसकट. ज्या गावांच्या विहिरीला पावसाळ्यात तांबूस रंग येतो, त्या गावांना अहवालातला फोटो दाखवा एकदा. विस्ताराचा ठराव मांडताना ही दोन पाणी, येणारं आणि जाणारं, किती वाढणार तेही वाचून दाखवा.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. साखरेचे ढीग गोदामात पडून राहिले की आमची बिलं कशी अडकतात हे २०१८-१९ ला पाहिलंय. त्यातून थोडा श्वास इथेनॉलनंच दिला. बाहेरून येणाऱ्या तेलाचे काही डॉलर वाचले, हेही खरं. म्हणूनच त्याची वही आम्हाला बघायचीय.

माझ्या ऊसपावतीवर आज वजन असतं, गट नंबर, वाण, टोळीचा नंबर आणि ट्रॅक्टरवाल्याचं नाव असतं. त्याखाली एवढी जागा मोकळी आहे. दर पंधरवड्याला तिथं छापा, की या पंधरवड्यात आलेल्या उसातला किती रस साखरेला गेला, किती सरळ डिस्टिलरीला, मळी बी-हेवी की साखर पुरती काढून उरलेली सी-हेवी, त्यामुळं उताऱ्यात किती भर धरली, आणि तेल कंपन्यांकडून किती लिटरचे पैसे आले. तेवढं पावतीवर मावणार नसेल तर गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहा, चालेल. तिथं रोज रात्री पन्नास-साठ ट्रॅक्टरवाले उभे असतात, वाचायला वेळच वेळ असतो. आणि विस्ताराचं कर्ज काढायच्या आधी, मक्यासाठी यंत्रं बसवायच्या आधी, एक सभा फक्त त्याच विषयावर घ्या. त्यात शेतकऱ्यांचे आणि कारखान्याचे सारखेच लोक बसवून, इथेनॉलसकट वाटणीचं सूत्र काय असावं ते ठरवा. कॉन्सेकाना हे नाव जड असेल तर दुसरं ठेवा. बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तिथल्या जाणकारांना मध्ये घ्या, लांब जायची गरज नाही.

पुढच्या सभेला मी त्याच खांबाजवळ असेन. पुतण्याला या खेपेला लग्नसराईमुळं जमेल असं वाटत नाही, तेव्हा अहवाल मराठीतही छापता आला तर बरं होईल. चार पानं जास्त होतील फार तर.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
वेदगंगाकाठ, निपाणी तालुका